दोरी सुटली

विश्वंभर पाठक पंधरा वर्षं नौदलात पाणबुड्या होता, ही गोष्ट सेनगावजवळच्या गोरेगावात पुष्कळ दिवस कुणाला खरी वाटत नव्हती. बाप देवळातला पुजारी, आजा गावोगाव पंचांग सांगत फिरलेला. उन्हाळ्यात जिथं ओढ्यात गुडघाभर पाणी मिळायची मारामार, तिथला पोरगा समुद्राच्या तळाशी जाऊन जहाजाचे पंखे साफ करतो म्हणजे काय! १९९५ साली तो पेन्शन घेऊन परत आला. जीपच्या अड्ड्याजवळ वह्या-पुस्तकांचं दुकान टाकलं आणि मुंबईच्या जुन्या बाजारातून दोन हवेच्या टाक्या, तोंडात धरायच्या नळ्या, काचेचे चष्मे आणि हवा भरायचं एक लहान यंत्र घेऊन आला. दुकानाच्या मागच्या खोलीत त्यानं ते सगळं देव्हारा मांडावा तसं मांडलं.

"इथं कुठं बुडायचंय तुम्हाला?" त्याची बायको प्रेमा म्हणाली.

बुडायला जागा होती. साठ-साठ फूट खोल विहिरी होत्या, त्यांच्या तळाशी पाण्याच्या मोटारी पडत होत्या. कधी मोटारीऐवजी माणूस असायचं.

पहिलं बोलावणं साखऱ्याहून आलं, रामकिशन नावाच्या शेतकऱ्याच्या विहिरीत मोटार पडली होती. विश्वंभर जीपमधून टाकी घेऊन गेला. काठावर पंचवीस-तीस माणसं जमलेली. त्यानं वजनाचा पट्टा बांधला, टाकी पाठीला लावली, काचेवर धुकं धरू नये म्हणून चष्म्याला आतून थुंकी चोळली. तेवढ्यात गर्दीतला एक काटकुळा माणूस लंगोटावर पुढं आला, त्यानं दोर दातात धरला, छाती भरून घेतली आणि सरळ उडी घेतली. लोक आकडे मोजायला लागले. नव्वदच्या पुढं गेल्यावर पाणी फुटलं आणि तो वर आला.

"बांधला. वढा आता," तो म्हणाला. मग विश्वंभरकडं बघून हसला. "महाराज, तुमी सजून राहिले तवर म्या जाऊन बी आलो."

तो हरिचंद राठोड. साखऱ्याजवळच्या तांड्यावरचा. तीन एकर मुरमाड रान आणि फुप्फुसं मात्र लोहाराच्या भात्यासारखी. विश्वंभरला राग यायला हवा होता. पण नौदल सोडल्यापासून पाण्याची भाषा कळणारा माणूस त्याला भेटलाच नव्हता. त्यानं त्याच दिवशी हरिचंदला दुकानावर नेलं, चहा पाजला आणि दुसरी टाकी दाखवली.

"ही तुझी," तो म्हणाला. "एकट्यानं पाण्यात उतरायचं नसतं. जोडीदार लागतो."

तिथून सहा वर्षं ही जोडी टिकली. देवळातल्या पुजाऱ्याचा मुलगा आणि तांड्यावरचा हरिचंद एका लुनावर दोन टाक्या बांधून जाताना दिसले की लोक हसायचे. गरज पडली की त्यांनाच बोलवायचे. विश्वंभरनं त्याला टाकीतल्या हवेचा काटा बघायला शिकवलं, वर येताना श्वास कोंडायचा नाही हे शिकवलं, हातांच्या खुणा शिकवल्या. दोघांच्या कमरेला आठ हात लांबीची दोरी असायची, दोन्ही टोकांना कडी. पाण्यात जायच्या दिवशी हरिचंद तंबाखूलासुद्धा हात लावत नसे. होळीला तांड्यावर पीत असेल, पण विश्वंभरनं त्याला कधी प्यालेला पाहिला नाही.

एक नियम मात्र हरिचंदला पटत नव्हता.

"पाण्यात जोडीदार दिसेनासा झाला," विश्वंभर सांगायचा, "तर एक मिनिट शोधायचं. साठ आकडे. नाही सापडला तर सावकाश वर यायचं."

"आन् तो खालीच असला तर?"

"तोही साठ मोजून वरच येतो. दोघांनी नियम पाळला की दोघं वर भेटतात."

"आन् एकानंच पाळला तर?"

"म्हणून तर दोघांनी पाळायचा," विश्वंभर म्हणाला. हे काही उत्तर नव्हे, हे त्याला तेव्हाही कळलं होतं.

२००२ च्या नोव्हेंबरात सेनगावकडच्या एका तलावावरून निरोप आला. हरभऱ्याला आणि गव्हाला कालव्याचं पाणी सोडायचं होतं आणि गेटाच्या तोंडाशी बाभळीच्या फांद्या अडकून बसल्या होत्या. भिंतीपासून थोडं आत पाण्यात गेटाचा दगडी मनोरा उभा. पाण्याखाली चाळीस फुटांवर त्याच्या डाव्या आणि उजव्या अंगाला लोखंडी गजांच्या जाळ्या. त्या मोकळ्या करायच्या. गेट पक्कं बंद आहे ना, हे विश्वंभरनं तलावाचा चौकीदार दगडोबा याच्याकडून दोनदा विचारून घेतलं.

अकरा वाजता दोघं उतरले. पाणी गढूळ, हात लांब केला तर बोटं दिसत नव्हती. विश्वंभरकडं पहार होती आणि पायाला सुरी बांधलेली; हरिचंदकडं नुसते हात. डाव्या जाळीवर दोघांनी मिळून काम सुरू केलं. दोरी सारखी फांद्यांत अडकत होती. ती सोडवायची, पुन्हा दोन फांद्या ओढायच्या, की पुन्हा अडकलीच. वीस मिनिटं अशी गेली. विश्वंभरनं काटा पाहिला. त्याची हवा नेहमीच हरिचंदच्या आधी संपायची. असंच चाललं तर उजवी बाजू राहून जाईल आणि उद्या पुन्हा यावं लागेल, असं त्याच्या मनात आलं.

त्यानं आपल्या कमरेची कडी उघडली आणि दोरी सोडली.

हरिचंदचा दंड धरून त्यानं खूण केली, तू इथं, मी तिकडं. हरिचंदनं मान हलवली की नाही, त्या गढुळात कळलं नाही. दोरीचं मोकळं टोक हरिचंदच्या कमरेला लोंबत राहिलं. मनोऱ्याला वळसा घालून विश्वंभर उजवीकडं गेला. दहा-बारा हातांचं तर अंतर.

उजवीकडं एक आख्खं झाड आडवं बसलं होतं. त्यानं पहार घालून जोर लावला. झाड सुटलं आणि त्याच्याबरोबर वर्षानुवर्षांचा गाळ उठला. डोळ्यांपुढं काळाकुट्ट अंधार. स्वतःचा काटासुद्धा दिसेना. त्यानं पहार टाकून दिली आणि दगडाला हात लावत लावत डावीकडं आला. हरिचंद तिथं नव्हता. त्यानं जाळी चाचपली, हात पसरून इकडं तिकडं फिरवले आणि मोजायला सुरुवात केली. साठापर्यंत मोजलं. मग नियमाप्रमाणं सावकाश वर आला.

वर कुणी नव्हतं. वारा सुटला होता, पाण्यावर लाटा होत्या. भिंतीवर दगडोबा बिडी ओढत बसला होता.

"हरिचंद आला का वर?"

"न्हाई बा. तुमीच पयले."

विश्वंभरनं दोन मिनिटं वाट पाहिली. येईल, आता येईल. मग उरल्यासुरल्या हवेवर तो पुन्हा खाली गेला, सरळ डाव्या बाजूला. हरिचंदची जागा तीच होती. उजवीकडं तर तो स्वतःच होता, तिथं कुणी नव्हतं. चार मिनिटं त्यानं डावी जाळी, तिचा पाया, भोवतालचा गाळ चाचपला. नळीतून हवा ओढायला जड जायला लागली तेव्हा वर यावंच लागलं.

तो भिंतीला धरून धापा टाकत होता. तेवढ्यात दगडोबा ओरडला, "महाराज, तिकडं बुडबुडे येऊन राहिले! तिकडं, उजव्या अंगाला!"

वारा पडला होता आणि पाणी जरा संथ झालं होतं. मनोऱ्याच्या उजवीकडं बुडबुड्यांचा झुबका वर येई, थांबे, पुन्हा येई. माणूस श्वास घेतो तसा. हरिचंद खाली होता आणि जिवंत होता. टाकीत हवा नव्हती. भरायचं यंत्र गोरेगावला. विश्वंभरनं टाकी काढून फेकली, छाती भरून घेतली आणि तसाच खाली गेला. वीस फुटांवर कान फाटायला लागले, छातीत आग झाली. वर आला. पुन्हा गेला, पुन्हा अर्ध्यातून आला. तिसऱ्या वेळेला नाकातून रक्त आलं. चाळीस फूट एका श्वासात जाणारा एकच माणूस त्या मुलखात होता आणि तो खाली होता.

मग तो नुसता पाण्यावर तरंगत बुडबुडे बघत राहिला. दुसरं काही करता येत नव्हतं. ते विरळ झाले. एकदा मोठा झुबका आला. त्यानंतर काही आलं नाही.

जीप करून तो गोरेगावला गेला, टाकी भरली आणि तीन वाजता एकटाच खाली उतरला. कुणाला बोलवायचं? जोडीदार होताच कुठं! या वेळी तो उजवीकडं गेला. हरिचंद जाळीच्या पायाशी गुडघ्यांवर होता. कमरेची लोंबती दोरी सुटून तळाशी बसलेल्या त्या झाडाच्या फांद्यांत पिळून बसली होती. ताणामुळं कमरेची कडी उघडत नव्हती आणि दोरी कापायला त्याच्याकडं सुरी नव्हती. एका हातात विश्वंभरनं टाकलेली पहार होती आणि दुसरा हात कोपरापर्यंत गाळात रुतला होता. भोवतालची जमीन उकरलेली होती, कुत्रं उकरतं तशी.

विश्वंभरला सगळं एकदम कळलं. गाळाचा लोट आलेला बघून हरिचंद दुसऱ्या बाजूनं वळसा घालून त्याला शोधायला आला होता. हाताला पहार लागली. पहार इथं आहे म्हणजे महाराज इथंच गाळाखाली आहे, असं तो समजला. त्यानं साठ मोजले नाहीत. त्याच्याकडं पंचवीस मिनिटांची हवा होती आणि ती सगळी त्यानं उकरण्यात घातली. ज्याला तो शोधत होता तो माणूस त्याच्या डोक्यावर, चाळीस फुटांवर, उन्हात होता.

दोरी कापून विश्वंभरनं त्याला वर आणलं. जमादार पंचनामा करायला आला तेव्हा त्यानं विचारलं, "दोरी असते म्हणता ना तुमची? मग दोरीचं काय झालं?"

विश्वंभर थंडीनं कुडकुडत होता. "सुटली," तो म्हणाला.

जमादारानं लिहून घेतलं, दोरी सुटली.

दहाव्याला तो तांड्यावर गेला. हरिचंदची बायको धुरपताबाई भिंतीला टेकून बसली होती, तिच्याजवळ तिची चौदा वर्षांची पोरगी शिला. हरिचंद गेला त्या दिवशी धुरपताबाई माहेरी होती. तिनं एकच विचारलं.

"दोरी बांधली व्हती ना महाराज?"

"बांधली होती. सुटली."

तिनं मान हलवली.

त्यानंतर विश्वंभर पाण्यात उतरला नाही. बोलावणी येत राहिली. तो म्हणायचा, कान गेलेत माझे. मागच्या खोलीला त्यानं कुलूप घातलं. इकडं लोकांनी आपल्या परीनं गोष्ट पुरी केली. हरिचंदसारखा पोहणारा गडी बुडतो कसा? आदल्या दिवशी तांड्यावर सोयरीक जुळली होती, तिथं दारू चालली असणार. घेऊन उतरला असंल. तांड्यावरचा माणूस, दुसरं काय? हे आधी कुणी म्हटलं ते ठाऊक नाही, पण सहा महिन्यांत ते सगळ्यांना ठाऊक झालं. विश्वंभरच्या दुकानात बसूनही लोक ते बोलायचे. तो वह्यांचे गठ्ठे सरळ करत राहायचा. नाही म्हणावं, तर पुढचा प्रश्न ठरलेला होता, मग कसा बुडाला?

प्रेमाला त्यानं एवढं सांगितलं की दोरी आपणच सोडली.

"ते तुम्ही मला सांगून भागणार आहे का?" ती म्हणाली. तिनं पुन्हा विषय काढला नाही, आणि त्यालाही काढवला नाही.

दीड वर्ष गेलं. २००४ च्या उन्हाळ्यात, बाजाराच्या दिवशी, दुकानासमोर जीपची वाट बघत माणसं उभी होती. त्यांत साखऱ्याचा तो रामकिशन होता. कुणाच्या तरी विहिरीत मोटार पडली होती, त्यावरून बोलणं निघालं.

"हरिचंद असता तर घंट्याभराचं काम व्हतं," रामकिशन म्हणाला. "पन दारूनं नेला. नायतर तसा गडी व्हनं न्हाई."

विश्वंभरनं मान वर केली. रामकिशनच्या मागं, डोक्यावर गठुडं घेऊन, धुरपताबाई उभी होती. रामकिशनला ती दिसली तसा तो चपापला. "आवं बाई, तसं न्हाई म्हनलो म्या..."

विश्वंभरला वाटलं ती आता भांडेल. तिनं भांडावं असं त्याला फार वाटलं.

"असूं द्या भाऊ," धुरपताबाई खाली बघत म्हणाली. "आपलंच नाणं खोटं, त्याला दुसऱ्याला काय बोलावं?"

आणि जीप आली तशी ती चढून निघून गेली.

त्या रात्री विश्वंभरला झोप लागली नाही. सकाळी दुकान न उघडताच तो लुना घेऊन तांड्यावर गेला. धुरपताबाई अंगणात तूर पाखडत होती. शिला आतून पाणी घेऊन आली. त्यानं तांब्या घेतला नाही.

"धुरपताबाई, हरिचंद प्यालेला नव्हता," तो उभ्यानंच म्हणाला. "एक थेंबही नाही."

सूप थांबलं. "मंग काहून बुडाला?"

त्यानं सांगितलं. दोरी सुटली नव्हती, मी सोडली. काम लवकर उरकावं म्हणून सोडली. तिचं टोक त्याच्या कमरेला राहिलं, तेच अडकलं. सुरी माझ्या पायाला होती. पहार मी टाकली, ती त्याला सापडली. तो मला शोधत होता. एवढं सगळं त्यानं कुठं न थांबता सांगितलं, कारण थांबला असता तर पुढचं तोंडातून आलं नसतं.

धुरपताबाईनं सूप खाली ठेवलं.

"किती येळ?"

"अं?"

"किती येळ धुंडत व्हता तुमाला?"

"पंचवीस मिनिटं. थोडं कमी-जास्त."

"आन् तुमी वर व्हते."

"वर होतो. खाली जायला बघत होतो. जमलं नाही."

ती त्याच्याकडं बघत राहिली. तिच्या डोळ्यांत राग असता तर त्याला सोपं गेलं असतं.

"महाराज," ती म्हणाली, "दोन वर्सं व्हत आली. लोकं म्हनले प्याला व्हता. म्या माहेरी गेलते, मला काय ठावं? मलाबी वाटलं, प्याला असंल. म्या त्याला रोज शिव्या दिल्या. भाकरी थापता थापता दिल्या. रानात दिल्या. ह्या लेकराला म्हनलं, तुझ्या बापाला आपल्यापरीस बाटली गोड लागली. म्या त्याच्यासाठी धड रडले बी न्हाई. मेलेल्या मानसावर रुसून बसले मी. आन् तो तिथं माती उकरून राहिला व्हता."

चुकलो म्हणायला विश्वंभर आला होता. पण तो शब्द आता इतका थिटा वाटला की त्यानं तो गिळून टाकला.

"तुमी तवाच सांगाया पायजे व्हतं," ती म्हणाली. "दोरी सोडली ती सोडली. मानसाच्या हातून व्हतं. पन हे दोन वर्सं तुमी काहून गप बसले?"

"भीती वाटली."

"कशाची?"

"तुमचीच," तो म्हणाला. ते खरं होतं.

धुरपताबाई शिलाकडं वळली आणि त्यांच्या बोलीत काहीतरी बोलू लागली. विश्वंभरला ती बोली येत नव्हती. हरिचंदचं नाव तेवढं पुन्हा पुन्हा कळत होतं. पोरगी ऐकता ऐकता मटकन खाली बसली आणि तिनं आईच्या मांडीत तोंड घातलं. मग धुरपताबाईनं एकदम मोठ्यानं हंबरडा फोडला. शेजारची म्हातारी जनकाबाई बाहेर आली, काय झालं म्हणून विचारत. तिला कळलं, तिनं दुसरीला सांगितलं. एकेक करून बाया आल्या, धुरपताबाईच्या गळ्याला गळा लावून बसल्या, आणि रीतीप्रमाणं एकीनं सूर धरला, बाकीच्यांनी ओढला. नवरा गेला तेव्हा जे रडणं व्हायला हवं होतं ते त्या दिवशी झालं. पुरुष झाडाखाली गोळा होऊन मुंडासी काढून बसले. विश्वंभरला कुणी जा म्हटलं नाही, बस म्हटलं नाही. कुणी त्याच्याकडं बघतसुद्धा नव्हतं. दुपार कलेपर्यंत तो कुडाजवळ उभा राहिला आणि मग लुना हातानं ढकलत, चालू न करताच, तांड्याबाहेर आला.

दुसऱ्या दिवशी तो ठाण्यात गेला. आपला जबाब बदलायचा आहे म्हणाला. तिथला माणूस कंटाळून म्हणाला, "प्रकरण मिटलंय काका. आता कशाला उकरता? गेलेला माणूस येणार आहे का परत?" विश्वंभर बाकावर बसून राहिला. चार वाजता त्याचा कागद घेतला गेला. त्यावर पुढं काही झालं नाही. पण बाजारात, जीपच्या अड्ड्यावर, जिथं जिथं हरिचंदचं नाव निघालं तिथं तिथं त्यानं न विचारता सगळं सांगितलं, आपल्या वाट्याचं न वगळता. काहींनी त्याच्या दुकानात येणं सोडलं. रामकिशननं मात्र एकदा तांड्यावर जाऊन धुरपताबाईसमोर हात जोडले.

धुरपताबाई विश्वंभरशी त्यानंतर बोलली नाही. बाजाराच्या दिवशी जीपमधून उतरली की ती त्याच्या दुकानावरून जायची. पहिली काही वर्षं ती पदर पुढं ओढून, तोंड फिरवून जात असे. पुढं पुढं तोंड फिरवणं तिनं सोडलं. ती सरळ बघत, ताठ मानेनं, आपल्या वाटेनं जायची.